न पुसलेली नळी

"मास्तर, ह्या काचंत वाईट काय हाय?"

केरबातात्या तपासणीच्या खोलीच्या दारात उभे होते. हातात कंदिलाची काच होती. सकाळीच मी ती बाजूला काढून भट्टीवर परत पाठवली होती. मी घाईघाईने मांडीवरचं पुस्तक पेंढ्याखाली सरकवलं. तात्यांनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

"कडं आहे," मी म्हणालो. "इथं, पोटाच्या जरा वर. बोट फिरवा म्हणजे लागेल."

"बोटाला लागतंय खरं. डोळ्याला लागतंय का?"

"उजेडात धरली तर दिसतं."

"मग पेटवूनच बगू की."

त्या काचकारखान्यात मी तपासनीस होतो. भट्टीवर फुंकलेली प्रत्येक काच सावकाश निवून दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येई. मी ती खिडकीशी धरायची, बुडबुडा, तडा, वाकडेपणा बघायचा आणि पास किंवा नापास करायची. माणसांशी फार बोलावं लागत नाही म्हणून मला ते काम आवडायचं. मी सदानकदा वाचत असे, म्हणून सगळे मला मास्तर म्हणत. शिकवलं मी आयुष्यात कुणालाच नाही. चार माणसांसमोर उभं राहायची वेळ आली की माझा घसा कोरडा पडे, अजूनही पडतो.

खोलीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात परीक्षेचा कंदील असे. तात्यांनी त्यावर काच बसवली, वात पेटवली. ज्योत सरळ उभी राहिली.

"हालती का?"

"नाही."

"काजळी धरती?"

"नाही."

"मग?"

मी भिंतीकडे पाहत होतो. पिवळ्या उजेडात एक बारीक काळी रेघ पडली होती. आडवी, केसाएवढी. समोरच्या भिंतीवरून ती कोपऱ्यात शिरली होती आणि दुसऱ्या भिंतीवरून आमच्या पाठीमागे गेली होती. आम्ही दोघं त्या रेघेच्या आत उभे होतो. ज्योत स्थिर होती, पण रेघ मात्र किंचित वरखाली होत असल्यासारखी वाटत होती, झोपलेल्या माणसाची छाती होते तशी. माझ्या डोळ्यांचा दोष असेल.

"ही कशानं पडते?" मी विचारलं.

"काच एका दमात फुंकायची असती. मधी दम मोडला तर तेवढ्यात रस आळतो. मग वळ राहतो."

"तुमचा दम मोडतो?"

तात्या हसले, आणि हसता हसता खोकले. तोंडावर उपरणं धरून बराच वेळ खोकले.

"पास करा मास्तर," खोकला थांबल्यावर ते म्हणाले. "गिऱ्हाईक ज्योतीकडं बगतंय. भितीकडं कोण बगतंय?"

काचेत खरोखर वाईट काही नव्हतं. मी ती पास केली.

भट्टीवर चार बाक होते, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या चार टोळ्या; तात्यांच्या, तिसऱ्या बाकावर तीन माणसं होती. इस्माईल मुजावर लांब लोखंडी नळी भट्टीत घालून तिच्या टोकाला पेटत्या रसाचा गोळा घेई आणि पहिली फुंक देई. मग तीच नळी हिंदुराव घेई. हिंदुराव हा तात्यांचा भाचा, आईबाप लवकर गेले म्हणून तात्यांनीच वाढवलेला. तो लोखंडी पाटावर गोळा फिरवून लांबट करी आणि दुसरी फुंक देई. शेवटी नळी तात्यांकडे. ते गोळा साच्यात सोडत आणि शेवटची, मोठी फुंक मारत. काच सुटली की नळी पुन्हा इस्माईलच्या हातात, आणि पुन्हा त्याच्या तोंडात.

मधे ती कुणी पुसत नसे.

हा तिथला रिवाज होता. कारखाना सुरू झाला तेव्हा आसपासच्या गावांतून, सगळ्या आळ्यांतून माणसं आली होती. एकमेकांच्या हातचं पाणी न पिणारी माणसं. पहिल्या मिस्त्रीने म्हणे त्यांना सांगितलं होतं, ज्याला नळी पुसायची असेल त्याने घरी जावं. तेव्हापासून कुणी पुसली नाही. मी लागलो त्या साली एका नव्या माणसाने नकळत बाहीने नळीचं तोंड पुसलं होतं. कुणी एक शब्द बोललं नाही. फक्त त्याच्यापुढे परत कुणी नळी धरली नाही. दुपारपर्यंत तो नुसता उभा होता, मग गेला.

आणि दुसरी गोष्ट अशी की, तात्या ती काच घेऊन आले त्या वर्षी व्यवस्थापक शेवडेसाहेबांनी सगळ्यांना अंगणात गोळा करून सांगितलं होतं की बरण्यांचं यंत्र येणार आहे, चार बाकांतला एक कमी करावा लागेल. कुठला, ते त्यांनी ठरवलं नव्हतं. "जो बाक पहिल्यांदा बंद पडेल," ते म्हणाले होते, "तो पुन्हा सुरू करणार नाही."

तेव्हापासून भट्टीवर कुणी आजारी पडेनासं झालं.

"तात्या, तालुक्याला फोटोची गाडी आली आहे," मी एकदा त्यांना नळावर गाठून म्हणालो. "छातीचा फोटो काढतात. फुकट."

"कळलंय."

"मग जाऊन या ना. दुपारनंतर तुम्हाला ताप येतो. डोळे बघा तुमचे."

"भट्टीम्होरं सगळ्यांचंच डोळं लाल."

"फोटोत नक्की काय ते दिसेल."

"दिसंल की. मला दिसलं तर काय न्हाई वो, मास्तर. शेवडेसायबास्नी दिसंल." त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं, चूळ भरली आणि मला दिसायच्या आत त्या पाण्यावर पाय फिरवून ते वाहून जाऊ दिलं. "इस्माईलला पाच पोरं हाईत. हिंदुरावचं औंदा लगीन करायचंय. मी बसलो तर ही दोगं कोळसा वडत्याल."

"आणि तुम्ही?"

"मी येतोयच की. मी कुटं जातोय?"

त्यांच्या काचांवरचं कडं महिन्यामहिन्याला गडद होत गेलं. आधी बोटालाच लागणारं, मग खिडकीशी धरताच दिसणारं, मग पोटाभोवती दोरा आवळल्यासारखं. परीक्षेच्या कंदिलावर मी त्या काचा लावेनासा झालो. त्या रेघेच्या आत एकट्याने उभं राहायला मला नको वाटे.

पुढे एका सकाळी तात्या साच्याजवळच बसले. पडले नाहीत, बसले. नळी उभी धरून ठेवली होती म्हणे, भाच्याने घेईपर्यंत. त्या दिवशी हिंदुराव त्यांच्या जागी उभा राहिला, त्याच्या जागी कोळशावरचा निवृत्ती आला, आणि बाक चालू राहिला.

दुपारी मी त्यांच्या घरी गेलो. त्यांची बायको, चंद्राबाई, उंबऱ्यात तांदूळ निवडत होत्या.

"या मास्तर. आत्ताच डोळा लागलाय बगा त्यांचा."

"मग मी नंतर येतो."

"या की. आवाज केला तरी उठत न्हाईत."

आत पत्र्याच्या फटींतून ऊन आलं होतं. तात्या खाटेवर उताणे होते, डोळे मिटलेले. दोन्ही हात छातीवर, एकापुढे एक, मुठी अर्धवट वळलेल्या. मी बघत होतो तेवढ्यात त्यांचे गाल हळूहळू फुगले. ओठ गोल झाले. मोठा, लांब श्वास बाहेर पडायला लागला, आणि मधेच अडला. घशात काहीतरी खरखरलं. मग राहिलेला श्वास बाहेर आला. मुठी जरा फिरल्या. पुन्हा गाल फुगले.

"सकाळधरनं असंच चाललंय," मागून चंद्राबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात काही नव्हतं, नुसता थकवा. "झोपत बी सुट्टी न्हाई. मी म्हनलं, आवो बाक चालू हाय, हिंदुराव हाय तितं. तर डोळं न उगडता म्हनत्यात, माजी फुंक ऱ्हायली."

मी थोडा वेळ स्टुलावर बसलो. काय करायचं ते मला कळेना. निघताना त्यांच्या ओठांजवळून माझा हात गेला, तेव्हा त्या श्वासाची धग लागली.

तात्या त्याच आठवड्यात गेले. भट्टी विझवता येत नाही, आणि बाक बंद पडू द्यायचा नव्हता. हिंदुराव अग्नी देऊन थेट कामावर आला. कपाळावर राख होती. शेवडेसाहेबांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि ते पुढे गेले.

मला हे नीट सांगता येतंय की नाही, कुणास ठाऊक. इतकी वर्षं झाली. पण यानंतरचं मात्र मला अगदी स्वच्छ आठवतं.

पेंढ्यातून एकेक काच काढून मी खिडकीशी धरत होतो. तिसऱ्या बाकाच्या काचा आल्या. पहिल्याच काचेवर कडं होतं.

जुना माल असेल, मी मनाशी म्हटलं. शिल्लक राहिलेल्या काचा मधेच येतात कधी कधी. दुसऱ्या काचेवर नव्हतं, तिसरीवर होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मी गोदामात जाऊन बघून आलो, जुना माल केव्हाच लादून गेला होता. समोर होत्या त्या काचा तात्या गेल्यानंतर फुंकलेल्या होत्या, आणि त्यांच्या पोटाच्या जरा वर, अगदी त्याच जागी, ती रेघ होती.

मी दार लोटून घेतलं आणि त्यातली एक कंदिलावर लावली. रेघ भिंतीवर उमटली, कोपऱ्यात शिरली, माझ्या पाठीमागून फिरून पुढे आली. मी श्वास रोखून उभा राहिलो, आणि मग माझ्या लक्षात आलं की मी श्वास रोखला आहे. फुंकर मारून कंदील विझवायचंही मला धाडस होईना. वात खाली ओढून विझवला.

जेवणाच्या सुट्टीत इस्माईल चिंचेखाली भाकरी सोडत होता. मी त्याच्याजवळ जाऊन बसलो. काय आणि कसं विचारावं, हेच मला सुचेना.

"इस्माईल, तुमच्या काचा..."

"दिसलं व्हय तुमास्नी?" तो म्हणाला.

"काय?"

"तात्या." त्याने कांदा फोडला. "मला वाटलंच. म्हनलं, मास्तरच्या डोळ्यास्नी दिसल्याबिगर ऱ्हात न्हाई."

"तात्या?"

"येत्यात की. हिंदुराव फुंकाय लागला की मधीच थांबतोय. आदी कंदी थांबत न्हवता, बैलागत दम हाय त्येचा. आता थांबतोय. अगदी तात्या थांबायचे तसा. घशात तसाच आवाज येतोय." तो जरा जवळ सरकला. "त्येनी म्हनलं हुतं न्हवं, माजी फुंक ऱ्हायली? ती फुंकाय येत्यात."

"हिंदुराव काय म्हणतो?"

"त्यो काय म्हननार? मामा अंगात येतोय म्हनतोय. रडतोय आनि फुंकतोय."

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

इस्माईलने माझ्याकडे नवलाने पाहिलं. "आपल्या मानसाची कसली भीती? उलट ज्याला भ्या वाटतंय त्येनं उद्या सकाळी यावं. काम सुरू व्हायच्या आत."

दुसऱ्या दिवशी मी गेलो. भट्टीच्या समोर चारही बाकांची माणसं जमली होती. तात्यांची नळी भिंतीला उभी केलेली होती, तिला हळदकुंकू लावलेलं, वर झेंडूची माळ. हिंदुरावने माळ काढली, नळीला कपाळ टेकवलं, टोकावर रसाचा छोटा गोळा घेतला आणि फुंकली. गोळा फुगला. मधेच श्वास अडला. तोच खरखरीचा आवाज. पुन्हा फुगला. "आले," कुणीतरी हळूच म्हणालं. मग ती नळी इस्माईलकडे गेली, निवृत्तीकडे गेली, मग दुसऱ्या बाकाकडे, पहिल्याकडे, चौथ्याकडे. प्रत्येकाने तोंड लावलं, एकेक छोटी फुंक घातली. अर्थात कुणी पुसली नाही. प्रसाद घ्यावा तसे ते घेत होते. ज्वाळेच्या उजेडात हिंदुरावचे डोळे लाल आणि फार चमकदार दिसत होते.

मी खोलीत परत आलो. खरं सांगायचं तर त्या वेळी मीही मानलं होतं. त्या खोलीत त्या रेघेत उभं राहिल्यावर न मानणं कठीण होतं.

कपाटात मी काही काचा ठेवल्या होत्या. तात्यांनी पहिल्यांदा आणलेली ती एक. ती विकली गेली नव्हती, ठेवून घेतली होती मी, का ते माहीत नाही. आणि त्यांची शेवटची एक, दोरा आवळल्यासारख्या कड्याची. मी त्या दोन्ही खिडकीत ठेवल्या आणि शेजारी हिंदुरावची कालची काच ठेवली.

मग मी डोळे मिटून नुसतं बोट फिरवलं.

हिंदुरावची काच शेवटच्या काचेसारखी नव्हती. ती पहिल्या काचेसारखी होती. तेच बारीक, बोटालाच लागणारं कडं.

मी पुन्हा बोट फिरवलं. तात्या परत आले असते तर जिथे थांबले तिथूनच पुढे आले असते, त्याच तुटलेल्या दमाने. हे तर पहिल्यापासून सुरू झालं होतं. आपली काच घेऊन तात्या माझ्या दारात उभे राहिले होते, त्या दिवसापासून.

भट्टीवर आलं होतं ते तात्या नव्हते. तात्यांना जे घेऊन गेलं होतं, ते आलं होतं. आणि सकाळी आम्ही सगळ्यांनी त्याला नमस्कार केला होता.

त्या दिवशी मी एकही काच तपासली नाही. शेवडेसाहेबांकडे जायला निघालो आणि अर्ध्या वाटेतून परत आलो. त्यांनी लगेच बाक बंद केला असता. हिंदुरावला एकट्याला गाठावं म्हटलं, तर तो दिसला तो नळीची माळ बदलताना. "मामा हायत सोबत, मास्तर," तो म्हणाला, "मला आता कशाचं काय वाटत न्हाई," आणि कपाळाचा घाम पुसून हसला. त्याच्या हसण्यापुढे माझं तोंड उघडेना. मी पुस्तकातल्या माणसांशी बोलू शकलो असतो कदाचित.

सकाळ झाली. माणसं पुन्हा जमली. माळ निघाली. हिंदुरावने फुंकलं, श्वास अडला, "आले" झालं. त्याने नळी इस्माईलपुढे धरली.

मी मधे गेलो आणि नळी धरली. खिशातून रुमाल काढला आणि नळीचं तोंड पुसलं. एकदा पुसून मला भागल्यासारखं वाटेना, म्हणून पुन्हा पुसलं.

भट्टीचा घरघराट तेवढा ऐकू येत होता.

"मास्तर," इस्माईल अगदी हळू म्हणाला, "हे काय केलंसा?"

"कुनाला पुसताय?" हिंदुराव म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "बोला की. कुनाचं उष्टं पुसलंत? माज्या मामाचं?"

मला वाटतं मी काहीतरी बोललो. आवाज फुटला नाही.

"त्यो बामनाचा हाय," मागून चौथ्या बाकावरचा कुणीतरी म्हणाला. "कवातरी दिसनारच हुतं."

"पुसली ना," हिंदुराव म्हणाला, "मग आता फुंका. ज्यानं पुसली त्यानं फुंकायची. फुंका, न्हाईतर चालायला लागा."

असा रिवाज होता की नाही, मला आजही माहीत नाही. त्याने तो तिथेच केला असेल. इस्माईलने टोकावर नवा रस घेतला आणि नळी माझ्या हातात दिली. ती इतकी जड असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी तोंड लावलं. लोखंड गरम होतं, आणि त्याला हळदीची चव होती. छातीत होतं नव्हतं ते सगळं मी आत सोडलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले. कुणीतरी नळी फिरवत होतं, इस्माईलच असावा, नाहीतर गोळा खाली ओघळला असता. कुणी हसलं नाही.

नळी तोंडावेगळी केली तेव्हा मला बोलता आलं.

"हिंदुराव, दुपारी ताप येतो का तुला?"

तो भट्टीकडे वळला.

"रात्री घाम येतो? उशी भिजते?"

"मामाचं दुःख हाय मला."

"ताप येतो का?"

"येतोय," इस्माईल म्हणाला.

हिंदुरावने वळून त्याच्याकडे पाहिलं.

"तुज्याकडनं नळी आली की तोंडाला धग लागती," इस्माईल खाली बघत म्हणाला. "भट्टीची न्हवं. भट्टीची मला कळती. तात्यांची बी लागायची. शेवटचं वरीसभर. मला ठावं हुतं." त्याने तोंडावरून पंजा फिरवला. "म्हनलं, बोलून बाक बंद पाडायचा का?"

मी त्यांना काचांचं सांगितलं. तिन्ही काचा आणून त्यांच्या हातात दिल्या, डोळे मिटून बोट फिरवा म्हटलं. काळे, भाजलेले, जाड हात. मला शंका होती त्यांना कळेल का. हिंदुरावने बोट फिरवलं, एकेकीवर, खूप सावकाश. मग आपली काच उरापाशी धरून तो खाली बसला.

"म्हंजे मामा न्हवता," तो म्हणाला.

मला वाटलं, त्याला आजाराचं काहीच वाटलं नाही. वाटलं ते एवढंच.

"मी गेलो तर बाक जाईल," थोड्या वेळाने तो म्हणाला.

आणि तेव्हा चौथ्या बाकावरचा तो माणूस, मघाशी माझ्यावर बोललेला, पुढे आला. भाऊ सुतार त्याचं नाव. "आमी आमचं काम सांबाळून पाळीपाळीनं तुज्या जागेवर हुबं ऱ्हातो," तो म्हणाला. "एक दिस मी, एक दिस दुसऱ्या बाकाचं कोनतरी. बाक चालू दिसला म्हंजे झालं. मानूस कोन हाय, त्ये शेवडा बगतोय कशाला?"

इतकं सोपं होतं ते. सगळे एकमेकांकडे बघत राहिले. तात्यांच्या वेळी हे कुणाला सुचलं नव्हतं, आणि ते आता कुणी बोलून दाखवलंही नाही.

फोटोची गाडी पुन्हा तालुक्याला आली, तेव्हा तिच्यापुढे सगळे भट्टीवाले रांगेने उभे राहिले, मीही राहिलो. हिंदुरावच्या छातीत डाग निघाला. निवृत्तीच्याही, लहानसा. इस्माईलच्या काही निघालं नाही, यावर तो बरेच दिवस विश्वास ठेवायला तयार नव्हता. माझा फोटो स्वच्छ होता. हिंदुरावला मोठ्या दवाखान्यात ठेवून घेतलं, निवृत्तीला घरीच सुया आणि गोळ्या. बाक एक दिवसही थांबला नाही. यंत्र आलं तेव्हा शेवडेसाहेबांनी चारही बाक ठेवले, कारण बंद पडलेला त्यांना एकही सापडला नाही.

पुढच्या वर्षी, गहू निघाले तेव्हा, हिंदुराव परत आला. अंगाने भरला होता. आधी माझ्या खोलीत आला, मामासारखाच दारात उभा राहिला.

"मास्तर, तुमचं ते ध्यान कुटं हाय?"

मी फुंकलेला गोळा इस्माईलने तेव्हा निववून मला आणून दिला होता. साच्यात न घातल्यामुळे त्याची काच झालीच नव्हती. बंद बुडाचा, एका अंगाला कललेला, बारीक मानेचा एक फुगा नुसता. मी तो कपाटातून काढून दिला. हिंदुरावने खिडकीशी धरला आणि तो हसायला लागला.

"दुधी भोपळा केलाय की ह्येचा." मग हसू थांबलं. त्याने डोळे मिटून बोट फिरवलं. "मास्तर, ह्येच्यावर कडं हाय."

"आहे," मी म्हणालो. मी ते केव्हाच पाहिलं होतं. "माझा दम मोडला असेल. सवय कुठं होती."

"नवशिक्याचं असं पडत न्हाई. नवशिक्याचा दम पयल्यापासनंच हालतोय, सगळीकडं लाटा लाटा येत्यात. ही एकच हाय. आदी दम सरळ गेलाय, ताकदीचा. मग मोडलाय." त्याने बोट पुन्हा फिरवलं, दाबून. "आनि केवडी खोल हाय. मामाच्या शेवटच्या काचंवानी, दोरा आवळल्यागत."

त्याने गोळा दोन्ही हातांनी धरून माझ्या टेबलावर ठेवला, आणि जरा मागे सरकला.

मग भोंगा झाला. मी त्याच्याबरोबर भट्टीपर्यंत गेलो. इस्माईलने रस घेतला, पहिली फुंक दिली, कमरेचं फडकं घेऊन नळीचं तोंड पुसलं आणि नळी पुढे केली. हिंदुरावने ती घेतली आणि आपल्या फडक्याने पुन्हा पुसली.

"का रं," इस्माईल म्हणाला, "माज्यावर इस्वास न्हाई व्हय?"

"तुज्यावर हाय. तुज्या फडक्यावर न्हाई."

तो कारखाना आता नाही. माणसंही नाहीत. मी आहे, आणि तो गोळा आहे, पुस्तकांच्या फडताळात. काचेच्या एका जाणकारांना एकदा दाखवला, ते म्हणाले, असल्या हाताच्या काचेत सोडा जास्त पडला तर ती दमट हवेत पाणी धरते, त्यात काही नाही. तसंच असणार. मी रोज सकाळी तो बाहेरून स्वच्छ पुसतो. पण पावसाळ्यात कधी कधी तो आतून धुरकटतो, कुणी नुकताच श्वास सोडावा तसा, आणि त्या बारीक मानेतून पुसायला माझा हात आत जात नाही.